औषधालासुद्धा शिल्लक हवी

एखादी वस्तू घरात मुळीच उरली नाही की आपण सहज म्हणून जातो, 'औषधालासुद्धा नाही.' म्हणजे चिमूटभरही नाही. सहाणेवर उगाळायचे आणि मधातून चाटवायचे, त्या दिवसांतला हा वाक्प्रचार. औषध म्हणजे अगदी थोडेसे, हा त्यातला अर्थ. आता सत्तरी ओलांडलेल्या कोणत्याही आजी-आजोबांच्या उशाशी पाहावे. सात वारांचे सात कप्पे असलेला प्लॅस्टिकचा डबा असतो. बीपीची सकाळी एक, साखरेची जेवणाआधी एक, कोलेस्टेरॉलची रात्री एक, गुडघ्यांची लागेल तशी. तिला मराठीत 'गोळी' म्हणा, नाहीतर सुनेच्या माहेरी म्हणतात तसे कन्नडमध्ये 'गुळिगी' म्हणा, महिन्याचे बिल तेवढेच येते.

निवृत्तीच्या आधी आपण बऱ्याच गोष्टींचा विचार करतो. ग्रॅच्युइटी कुठे ठेवायची, घराच्या गच्चीवर पत्रे घालायचे की खोली काढायची, मुलीच्या लग्नाला किती लागतील. प्रकृतीचा विषय निघाला की मुलगा विचारतो, 'बाबा, तुमचा मेडिक्लेम आहे ना?' बाबा म्हणतात, 'आहे.' आणि तो विषय तिथेच संपतो.

खरे तर तो तिथून सुरू व्हायला हवा. ते कार्ड किंवा ती पॉलिसी माणूस दवाखान्यात दाखल झाला तर उपयोगी पडते. दाखल होण्याची वेळ कदाचित पाच वर्षांतून एकदा येईल. गोळ्या मात्र वर्षाचे ३६५ दिवस घ्याव्या लागतात. या रोजच्या गोळ्यांचे पैसे कोण देणार, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर वेगळे शोधावे लागते. अनेक निवृत्तांना त्यासाठी निवड करण्याचा हक्क असतो. पण तो हक्क आहे हेच माहीत नसते, किंवा निवृत्तीच्या गडबडीत दहा कागदांवर सह्या करताना हा अकरावा कागद तसाच राहून जातो.

दाखल झाल्यावरचे आणि घरचे

नेहमीच्या खासगी आरोग्य विम्यात औषधे असतात, पण ती दाखल झाल्याच्या निमित्ताने. दाखल होण्यापूर्वीचे ठरावीक दिवस, आतले दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे ठरावीक दिवस, एवढ्या काळातले त्याच आजाराचे औषध मिळते. पुष्कळ पॉलिसींत हे आधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस असतात. त्यानंतर रक्तदाबाची गोळी आयुष्यभर चालू राहिली तरी तिचा खर्च आपलाच.

सरकारी योजनेतही तेच तत्त्व आहे. 'आयुष्मान भारत' योजना सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यापुढील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, 'वय वंदना' कार्डाखाली वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय केंद्राने केली. गरजू घरांना हा मोठा आधार आहे. परंतु या योजनेतही औषधे मिळतात ती दाखल होण्याआधीचे ३ दिवस, दाखल असतानाचे दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस. शिवाय सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची योजना ज्यांना आहे, त्यांना आपली जुनी योजना आणि ही योजना यांपैकी एकच निवडावी लागते. पाच लाखांचा आकडा पाहून घाईने जुनी योजना सोडली, तर दाखल न होता मिळणाऱ्या महिन्याच्या गोळ्याही हातच्या जातील. आपल्या राज्यात आणि आपल्या नेहमीच्या रुग्णालयात हे कार्ड चालते का, तेही तिथल्या मदतकक्षात आधी विचारून घ्यावे.

आणखी एका शब्दाने पुष्कळांची फसगत होते. तो शब्द 'डॉमिसिलिअरी'. खासगी पॉलिसीत 'डॉमिसिलिअरी हॉस्पिटलायझेशन' असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ, रुग्णाला हलवणे शक्य नाही किंवा रुग्णालयात जागा नाही, म्हणून दवाखान्यात व्हायचे ते उपचार घरी झाले. घरी बसून घेतलेल्या साखरेच्या गोळ्या त्यात येत नाहीत. बँकांच्या निवृत्तांच्या समूह विम्यात मात्र 'डॉमिसिलिअरी ट्रीटमेंट' म्हणजे यादीत दिलेल्या आजारांची घरी चालू असलेली औषधे. शब्द सारखा वाटला तरी एकीकडे गोळ्या मिळतात आणि दुसरीकडे मिळत नाहीत.

आधी डबा मोजा, मग योजना

कोणती योजना चांगली, या प्रश्नाला सगळ्यांसाठी एकच उत्तर नाही. शेजारच्या काकांना जी लाभली ती आपल्याला लाभेलच असे नाही. म्हणून पहिले काम यादी करण्याचे. एक वही घ्यावी. प्रत्येक गोळीचे कंपनीने दिलेले नाव, त्याखाली बारीक अक्षरात असणारे मूळ औषधाचे नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, महिन्याला किती रुपये, आणि कोणत्या डॉक्टरांनी कधी लिहून दिली, एवढे मांडावे. नवरा-बायको दोघांची पाने वेगळी ठेवावीत.

या वहीचा पहिला फायदा अनपेक्षित असतो. हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली आणि घरच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी वेगवेगळ्या नावांची, पण आतले औषध एकच, असे कधी कधी निघते. अशी यादी डॉक्टरांपुढे ठेवली की ते स्वतःच एखादी गोळी कमी करतात. दुसरा फायदा हिशेबाचा. समजा, दोघांचे मिळून महिन्याला ३,००० रुपये होतात. म्हणजे वर्षाचे ३६,०००. हा आकडा हाती आला की कोणतीही योजना तोलता येते.

कोणाच्या वाट्याला काय

आपल्या सीमाभागात एकाच गल्लीत पोस्टातून निवृत्त झालेले, पलटणीतून आलेले, बँकेतले, रेल्वेतले आणि फाउंड्रीत राबलेले असे सगळे राहतात. प्रत्येकाचा नियम वेगळा. त्यातल्या मुख्य वाटा पाहू.

केंद्र सरकारचे पेन्शनर. त्यांच्यासाठी १९५४ पासून चालत आलेली सीजीएचएस योजना आहे. तिच्या वेलनेस सेंटरमधून औषधे मिळतात आणि कायमच्या आजारांची औषधे तीन महिन्यांपर्यंतची एकदम घेता येतात. अडचण अशी की आपल्या भागातील बहुतेक गावांत असे सेंटर नाही. सीजीएचएस नसलेल्या भागात राहणाऱ्याला तीन पर्याय असतात. पहिला, निश्चित वैद्यकीय भत्ता घेणे. दुसरा, जवळच्या सीजीएचएस शहरात नाव नोंदवून औषधे व दाखल उपचार दोन्ही तिथून घेणे. तिसरा, रोजच्या औषधांसाठी भत्ता घेणे आणि दाखल होण्यापुरते सीजीएचएस कार्ड ठेवणे.

हा भत्ता १ जुलै २०१७ पासून दरमहा १,००० रुपये करण्यात आला. वर्षाचे झाले १२,०००. कार्डाची वर्गणी सातव्या वेतन आयोगानंतरच्या दरांनुसार वेतनश्रेणीप्रमाणे दरमहा २५० ते १,००० रुपये ठरली. पेन्शनरला ती वर्षाची भरता येते किंवा दहा वर्षांची एकदम भरून कार्ड आयुष्यभरासाठी घेता येते. दरमहा ६५० रुपयांच्या श्रेणीत हे ७८,००० रुपये होतात. (दर बदलत असतात, भरण्यापूर्वी चालू दर पाहून घ्यावेत.) आता वही उघडावी. औषधे महिन्याला आठशे रुपयांची असतील तर भत्ता बरा. महागडी इंजेक्शने, कर्करोगाची किंवा मूत्रपिंडाची औषधे चालू असतील तर भत्ता चार दिवसांत संपतो आणि दर तीन महिन्यांनी दूरच्या शहरी जाण्याचा खर्चही परवडतो. मात्र त्या शहरी जाणार कोण, हा प्रश्न घरात बसून आधी सोडवावा. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला बसने धाडायचे असेल तर कागदावर फायद्याचा दिसणारा पर्याय प्रत्यक्षात तोट्याचा ठरतो. आणि हा पर्याय वारंवार बदलता येत नाही, एकदाच बदलण्याची मुभा असते. म्हणून आजच्या प्रकृतीबरोबर दहा वर्षांनंतरचाही विचार करावा.

रेल्वेचे निवृत्त. एकरकमी वर्गणी भरून रेल्वेच्या आरोग्य योजनेचे कार्ड मिळते आणि रेल्वे दवाखान्यातून औषधे मिळतात. आपल्याकडचे पुष्कळ जण हुबळीच्या रेल्वे रुग्णालयाशी जोडलेले आहेत. रेल्वेच्या दवाखान्यापासून अडीच किलोमीटरच्या पलीकडे राहणाऱ्याला वर सांगितलेला भत्ता मागता येतो, पण मग नेहमीच्या बाह्यरुग्ण सेवेवर पाणी सोडावे लागते. स्टेशनजवळचे घर विकून मुलाकडे राहायला गेलेल्यांनी हा हिशेब नव्याने करावा.

माजी सैनिक. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रामुळे बेळगाव आणि भोवतालच्या तालुक्यांत, पलीकडे चंदगड-गडहिंग्लजपर्यंत, अशी घरे पुष्कळ. त्यांच्यासाठी एप्रिल २००३ पासून ईसीएचएस योजना आहे आणि तिच्या पॉलिक्लिनिकमधून सैनिक व त्याच्या पत्नीला औषधे मिळतात. १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना वर्गणीही माफ आहे. तक्रार असते ती औषध 'उपलब्ध नाही' या उत्तराची. अशा वेळी बाहेरून घेतलेल्या औषधाच्या परताव्याचे नियम आहेत, पण पॉलिक्लिनिकची तशी नोंद आधी लागते. आधी दुकान आणि मग पॉलिक्लिनिक असा उलटा प्रवास केला की बिल अडकते.

कारखान्यातले कामगार. हा पर्याय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. निवृत्तीपूर्वी किमान पाच वर्षे ईएसआयचे विमाधारक असलेल्या कामगाराला वयोमानाने निवृत्त झाल्यावर वर्षाला फक्त १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. महिन्याला दहा रुपये! उद्यमबागेतल्या किती निवृत्त कामगारांच्या घरी हे माहीत आहे, हे एकदा आपापल्या गल्लीत विचारून पाहावे. निवृत्तीचा दाखला आणि जुने ईएसआय कार्ड मात्र जपून ठेवलेले हवे.

बँकांतून निवृत्त झालेले. २०१५ पासून बँक निवृत्तांसाठी समूह आरोग्य विमा आला. त्यात हप्ता भरताना 'डॉमिसिलिअरीसह' आणि 'डॉमिसिलिअरीविना' असे पर्याय देण्यात आले. पहिल्याचा हप्ता बराच जास्त, पण त्यात मधुमेह, रक्तदाब, दमा, पार्किन्सन अशा यादीतल्या आजारांची घरी घेतलेली औषधे एका मर्यादेपर्यंत मिळतात. इथेही वहीच उत्तर देते. समजा, औषधांसह हप्ता १५,००० रुपयांनी जास्त आहे आणि औषधांची मर्यादा ३०,००० आहे. वर्षाला ३६,००० ची औषधे लागणाऱ्याला पदरचे १५,००० घालून ३०,००० परत मिळतील. वर्षाला १०,००० ची लागणाऱ्याचे पाच हजार फुकट जातील. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर किती दिवस औषध घ्यायचे ते लिहिलेले नसेल, तर परताव्यासाठी ती चिठ्ठी जास्तीत जास्त ९० दिवसच धरली जाते, हा नियम पुष्कळांना बिल परत आल्यावर कळतो. सिंडिकेट बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत आणि विजया बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली. तिथल्या जुन्या मंडळींनी आपला पत्ता आणि मोबाइल नंबर आताच्या बँकेत नोंदलेला आहे ना, हे पाहावे. नूतनीकरणाचे परिपत्रक दरवर्षी नवे असते. या वर्षी सोडलेला पर्याय पुढच्या वर्षी मिळेलच असे नाही.

राज्य सरकारांतून निवृत्त झालेल्यांचे नियम राज्यागणिक वेगळे. आपल्याकडे माणूस बेळगावात राहतो आणि नोकरी चंदगडच्या शाळेत झालेली असते. अशांनी लक्षात ठेवावे की नियम नोकरी दिलेल्या राज्याचा लागतो. घर कोणत्या राज्यात आहे ते इथे कोणी पाहत नाही.

ज्यांना पेन्शनच नाही

शेतकरी, किराणा दुकानदार, शिंपी, खासगी शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवलेल्या बाई. यांच्यासाठी वरचे एकही दार उघडत नाही. पण मार्ग अगदीच बंद नाहीत.

खासगी विमा घ्यायचा असेल तर एप्रिल २०२४ पासून विमा घेण्यासाठी वयाची ६५ वर्षांची जुनी मर्यादा राहिलेली नाही. आधीपासून असलेल्या आजारांसाठी थांबण्याचा काळ जास्तीत जास्त चार वर्षांचा होता, तो तीन वर्षांवर आला. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. मात्र रोजच्या औषधांसाठी 'ओपीडी'ची वेगळी जोडणी घ्यावी लागते आणि तिथे त्रैराशिक सोडू नये. पाच हजारांची औषधे देणाऱ्या जोडणीला साडेचार हजार जादा हप्ता मागितला, तर आपण विमा घेत नसून स्वतःचेच पैसे फिरवून घेत आहोत.

त्यापेक्षा मूळ बिल कमी करणे हाच अनेकांसाठी खरा विमा. २००८ मध्ये सुरू झालेल्या जनऔषधी केंद्रांतील औषधे नावाजलेल्या कंपन्यांच्या औषधांपेक्षा साधारण ५० ते ८० टक्के स्वस्त असतात. २०२५ पर्यंत देशात अशी पंधरा हजारांहून अधिक केंद्रे झाली होती. वहीत लिहिलेले मूळ औषधाचे नाव इथे कामी येते, कारण या दुकानात कंपनीच्या नावाने मागून उपयोग नसतो. महिन्याचे ३,००० रुपयांचे बिल निम्म्यावर आले तरी वर्षाला १८,००० रुपये वाचले. बदल मात्र डॉक्टरांना विचारूनच करावा. विशेषतः रक्त पातळ ठेवणारी, फिट्सची आणि थायरॉईडची औषधे परस्पर बदलू नयेत.

सरकारी आरोग्य केंद्रांत रक्तदाब व मधुमेहाची तपासणी होते आणि नेहमीच्या गोळ्याही मोफत मिळतात. कर्नाटकात २०२४ मध्ये कोलार जिल्ह्यातून 'गृह आरोग्य' योजना सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती राज्यभर नेण्यात आली. त्यात आरोग्य कर्मचारी घरी येऊन तपासणी करतात. दारात आलेल्या बाई कन्नडमध्ये बोलतात आणि आजीला ते नीट कळत नाही, म्हणून त्यांना परत पाठवू नये. नातवाला नाहीतर सुनेला हाक मारावी. आपल्या घरांत दोन भाषा आहेत, त्याचा उपयोग अशा वेळी करायचा नाही तर केव्हा?

शिवाय, ज्या ज्येष्ठाचा आरोग्य विमाच नाही त्याच्या औषधोपचारावर मुलाने किंवा त्याने स्वतः केलेल्या खर्चावर जुन्या करप्रणालीत वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट ठेवलेली आहे. अट एकच, पैसे रोख दिलेले नसावेत. म्हणून बिल ऑनलाइन किंवा कार्डाने भरावे आणि पावती ठेवावी.

दिवसाआड गोळी

हा सगळा आकड्यांचा खटाटोप कशासाठी, तेही सांगायला हवे. पैसा कमी पडला की म्हातारी माणसे भांडत नाहीत, मागत नाहीत. ती गोळी दिवसाआड घेऊ लागतात. महिन्याची पाकिटे दोन महिने पुरवतात. आणि घरात दोघांची औषधे असतील तर पहिली काटछाट बायकोच्या गोळ्यांत होते, कारण ती स्वतःच ती करते. 'मला काही होत नाही, तुमची आधी आणा,' एवढेच म्हणते.

रक्तदाब आणि साखर हे अबोल आजार आहेत. गोळी चुकवली म्हणून त्या दिवशी काही दुखत नाही. त्यामुळे चुकवणाऱ्याला वाटते, चालते की! आतल्या आत मात्र नुकसान होत राहते आणि मग एके दिवशी पक्षाघाताचा झटका येतो, नाहीतर मूत्रपिंडे थकल्याचे कळते. महिन्याला वाचवलेल्या तीनशे रुपयांपोटी लाखांचा खर्च उभा राहतो, आणि गेलेला हात-पाय पूर्ववत होईलच असे नाही. तेव्हा 'बाबांना पाच लाखांचा विमा आहे' या वाक्याने समाधान मानणे किती अपुरे, हे कळते.

औषधांच्या किमती थांबून राहत नाहीत. किंमत-नियंत्रणाखालच्या औषधांनाही घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे दरवर्षी वाढ मिळू शकते. एप्रिल २०२२ मध्ये ही परवानगी १०.७७ टक्क्यांची होती, पुढच्या वर्षी १२.१२ टक्क्यांची. त्या दोन्ही वर्षी केंद्राच्या पेन्शनरचा भत्ता २०१७ मध्ये ठरलेला हजार रुपयेच होता. सप्टेंबर २०२५ मध्ये बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याने थोडा हात सैल झाला. तरीही दर वर्षी एकदा वहीतला हिशेब नव्याने मांडणे भाग आहे.

या दिवाळीला मुले घरी येतील तेव्हा अर्धा तास यासाठी ठेवावा. आई-वडिलांना चार प्रश्न विचारावेत. दोघांच्या गोळ्यांची यादी कुठे आहे? दाखल न होता त्या गोळ्यांचे पैसे कोणती योजना देते? तिची मर्यादा किती आणि नूतनीकरण केव्हा? आणि चौथा प्रश्न, जो विचारायला जीभ रेटत नाही. वडिलांच्या पश्चात आईची औषधे चालू राहतील का? सीजीएचएस, रेल्वे आणि माजी सैनिकांच्या योजनांत कुटुंब पेन्शन घेणाऱ्या पत्नीला हक्क असतो, पण तिचे नाव, जन्मतारीख आणि आधारवरचे नाव जुळलेले असावे लागते. आधारवर माहेरचे नाव आणि पेन्शनच्या कागदावर सासरचे, त्यातही एका ठिकाणी कन्नड वळणाने लिहिलेले आणि दुसऱ्या ठिकाणी मराठी, ही आपल्या भागातली नेहमीची गोष्ट. ती दुरुस्ती वडील सही करू शकतात तोवर करून घ्यावी. नंतर त्याच कामासाठी आईला एकटीने कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात, आणि तेवढ्या महिन्यांत तिच्या डब्यातले कप्पे रिकामे राहतात.